खाच असलेला भाग कधी तुटेल? सरळ रेषेत न वागणाऱ्या मटेरियलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर निदान एकदा तरी नमुना ओढून तोडला आहे आणि स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख ज्यांना वाचता येतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. डिप्लोमा-बीईचे विद्यार्थी, डिझाइन किंवा क्वालिटीत काम करणारे, वर्कशॉप चालवणारे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सूत्रं शक्य तिथे शब्दांत सांगितली आहेत.

खाच आणि तडा यांत फरक काय?

तड्याच्या टोकाची त्रिज्या जवळजवळ शून्य असते. खाचेच्या टोकाला मोजता येईल एवढी त्रिज्या असते. शाफ्टवरचा की-वे, बोल्टचे आटे, दोन व्यासांमधला स्टेप, पट्टीला पाडलेलं भोक, वेल्डची कड, प्लॅस्टिकच्या क्लिपचा आतला कोपरा या सगळ्या खाचाच. डिझायनरने त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण त्यांच्याशिवाय भागाचं कामच होत नाही. तड्याचं तसं नसतं, तो कुणाला नकोच असतो.

फरक हिशेबातही आहे. १९५७ मध्ये अर्विन यांनी मांडलेला स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे आपला नेहमीचा ‘के’, तड्यासाठी आहे. तो बोथट खाचेला जसाच्या तसा लावला तर उत्तर चुकतं. क्रीगर आणि पॅरिस यांनी १९६७ मध्ये बोथट टोकासमोरचा स्ट्रेस कसा उतरत जातो याचं सुटसुटीत सूत्र दिलं. खाचांसाठीच्या बऱ्याचशा पद्धती आजही त्याच्यावरच उभ्या आहेत.

टोकाशी स्ट्रेस किती वाढतो?

गोल भोकाच्या कडेला तिप्पट, हे कर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं. लंबगोल भोकाचं उत्तर इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दिलं: अर्ध्या लांबीला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ घ्या, दुप्पट करा आणि एक मिळवा. खाच ४ मिमी खोल आणि त्रिज्या १ मिमी असेल तर पाचपट. त्रिज्या पाव मिमीवर आणली की नऊपट. सूत्र लंबगोल भोकाचं असलं तरी कडेच्या खाचेचा अंदाज त्यातून बरा येतो.

मात्र ही पट मटेरियल सरळ रेषेत वागतं (म्हणजे लिनियर: स्ट्रेसच्या प्रमाणातच स्ट्रेन वाढतो) असं धरून काढलेली आहे. पुढचे सगळे प्रश्न याच गृहीतकातून निघतात.

मग टोकावरचा स्ट्रेस यूटीएसला (टेन्साइल चाचणीतल्या कमाल स्ट्रेसला) पोचला की भाग तुटला, एवढा सोपा हिशेब का नाही?

तसं असतं तर भोक पाडलेली प्रत्येक एमएस (सौम्य पोलादाची) पट्टी एक तृतीयांश लोडवर तुटली असती. फॅब्रिकेशन करणाऱ्या कुणालाही विचारा, तसं होत नाही.

कारणं दोन. पहिलं काचेसारख्या ठिसूळ पदार्थालाही लागू आहे: एका बिंदूवर स्ट्रेस जास्त होऊन भागत नाही, तो काही अंतरापर्यंत पुरेसा जास्त असावा लागतो. टोकापासून दूर जाताना स्ट्रेस झपाट्याने उतरतो आणि त्रिज्या जेवढी लहान तेवढा तो लवकर उतरतो. म्हणून अणकुचीदार खाच कागदावर दिसते तेवढी घातक नसते.

दुसरं कारण धातूंचं आणि बऱ्याच प्लॅस्टिकचं. टोकाजवळचा भाग यील्ड होतो, म्हणजे कायमचा ताणला जातो, आणि आपल्यावरचा भार शेजाऱ्याकडे सरकवतो. मग टोकावर स्ट्रेस फारसा वाढत नाही, वाढतो तो स्ट्रेन. अशा जागी ‘स्ट्रेस किती?’ हा प्रश्नच कुचकामी ठरतो.

‘नॉनलिनियर’ म्हणजे सगळीकडे एकच प्रकार का?

नाही, आणि इथे गल्लत फार होते. ॲल्युमिनियम किंवा पोलाद यील्ड होतं तेव्हा आलेख वाकतो तो कायमच्या विरूपणामुळे. भार काढला तर मटेरियल मूळ उतारानेच परत येतं. रबराचा आलेखही वाकलेला असतो, पण ते जवळजवळ पूर्ण परत येतं, म्हणजे ते लवचीकच, फक्त सरळ नाही. नायलॉनमध्ये वेळ, तापमान आणि ओलावा हे तिन्ही हात घालतात. काँक्रीटमध्ये यील्ड असं नसतंच. तड्याच्या पुढे सूक्ष्म भेगांचा पट्टा तयार होतो आणि तो हळूहळू ताकद सोडतो. चौघांचे आलेख शेजारी ठेवले तर वरवर सारखे वाटतील, पण तुटण्याची गणितं वेगळी आहेत. या पानावर भर धातूंवर आहे, बाकीच्यांबद्दल पुढे थोडक्यात येईल.

मटेरियल डक्टाइल (तुटायच्या आधी बरंच ताणलं जाणारं) असेल तर खाचेची काळजी करायची कशाला?

१६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज उभं होतं. सागरी चाचण्या आटोपलेल्या, पाणी शांत. तशा स्थितीत जहाज मोठा आवाज करून मधोमध दुभंगलं. त्या काळातल्या इतर काही वेल्डेड जहाजांनाही, त्यात लिबर्टी जहाजंही आली, असेच तडे गेले आणि त्यांपैकी बरेच डेकवरच्या हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांतून सुरू झाले होते. पोलाद टेन्साइल चाचणीत व्यवस्थित ताणलं जाणारं होतं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या कामातून स्पष्ट झालं, की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होतं. त्यात कोपऱ्याची खाच आली आणि रिव्हेटऐवजी वेल्डिंग असल्याने तड्याला वाटेत अडवणारा सांधाही उरला नाही.

थंडी नसली तरी खाच स्वतःच मटेरियलला कमी डक्टाइल बनवते. टोकाच्या आत मटेरियलला बाजूने आकसायचं असतं, पण भोवतालचा कमी ताणलेला भाग त्याला आकसू देत नाही. त्यामुळे तिन्ही दिशांनी ओढ बसते. ब्रिजमन यांच्या सूत्राने ही ओढ मोजता येते: साध्या गोल नमुन्यात सरासरी स्ट्रेसचं प्रभावी स्ट्रेसशी प्रमाण ०.३३ असतं. त्याच नमुन्याला गोलाकार खाच मारली आणि खाचेची त्रिज्या उरलेल्या मानेच्या त्रिज्येएवढी ठेवली, तर मधोमध ते ०.७४ होतं. धातूतल्या सूक्ष्म पोकळ्या या ओढीने भराभर फुगतात. टेन्साइल रिपोर्टवर २० टक्के इलाँगेशन लिहिलेलं असतं ते गुळगुळीत नमुन्याचं, खाचेच्या टोकाचं नव्हे.

पूर्ण प्लास्टिक (म्हणजे कायमच्या विरूपणाचं) विश्लेषण न करता अंदाज काढायची एखादी रीत आहे का?

आहे, आणि मला ती आवडते, कारण तिच्यात नॉनलिनियरपणाची किंमत एकदाच, टेन्साइल चाचणीच्या आलेखावरच चुकवावी लागते. तिचं नाव इक्विव्हॅलंट मटेरियल कन्सेप्ट. तोराबी यांनी ती २०१२ मध्ये मांडली.

कल्पना अशी. तुमच्या डक्टाइल धातूच्या जागी एक काल्पनिक ठिसूळ मटेरियल धरा. त्याचा यंग्ज मोड्युलस तुमच्या धातूएवढाच, तडा सहन करायची ताकद म्हणजे टफनेसही (तडा वाढू लागतो तेव्हाचा ‘के’) तेवढीच. फक्त त्याचा आलेख शेवटपर्यंत सरळ. तो किती उंच न्यायचा? तुमच्या धातूने नेकिंग (नमुना एकाच जागी बारीक होणं) सुरू होईपर्यंत प्रत्येक घन एककात जेवढी ऊर्जा शोषली, तेवढंच क्षेत्रफळ या सरळ रेषेखाली येईपर्यंत. जिथे ती रेषा थांबेल ती काल्पनिक मटेरियलची ताकद. सूत्रात, ऊर्जेला मोड्युलसच्या दुपटीने गुणून वर्गमूळ घ्या. ही ताकद हाती आली की ठिसूळ पदार्थांसाठीची कुठलीही खाचेची पद्धत साध्या इलॅस्टिक स्ट्रेसवर वापरता येते.

आकडे घालून दाखवाल का?

सोयीसाठी उच्च ताकदीच्या ॲल्युमिनियमच्या जवळपास जाणारे गोल आकडे घेऊ. हे कुठल्या विशिष्ट ग्रेडच्या सर्टिफिकेटवरून घेतलेले नाहीत. मोड्युलस ७० गिगापास्कल, यील्ड ५००, यूटीएस ५७० मेगापास्कल, नेकिंगपर्यंतचा स्ट्रेन ६ टक्के, टफनेस ४० मेगापास्कल रूट मीटर.

यील्डपर्यंतच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ सुमारे १.८ मेगाज्यूल प्रति घनमीटर. त्यापुढचा पट्टा समलंब चौकोन धरला तर २८.३. बेरीज साधारण ३०. मोड्युलसच्या दुपटीने गुणून वर्गमूळ काढलं की काल्पनिक ताकद येते सुमारे २०५० मेगापास्कल. यूटीएसच्या साडेतीनपट! आकडा पाहून दचकू नका. असं मटेरियल अस्तित्वात नाही, ते फक्त हिशेबापुरतं आहे.

आता क्रिटिकल डिस्टन्स, म्हणजे स्ट्रेस टोकापासून किती अंतरापर्यंत पुरेसा जास्त असावा लागतो ते ठरवणारी लांबी. टफनेसला ताकदीने भागा, वर्ग करा, पायने (π ने) भागा. २०५० घातले तर ०.१२ मिमी येतात. यूटीएसचे ५७० घातले तर १.५७ मिमी. सगळा फरक इथेच पडतो.

पॉइंट मेथड म्हणते, टोकापासून या अंतराच्या अर्ध्यावरचा इलॅस्टिक स्ट्रेस ताकदीएवढा झाला की भाग तुटेल. रुंद पट्टीतल्या १ मिमी त्रिज्येच्या यू-खाचेसाठी क्रीगर-पॅरिस सूत्रात हे बसवलं, तर खाचेचा क्रिटिकल ‘के’ (तुटण्याच्या क्षणीचा) ६४ मिळतो. लाइन मेथड टोकापासून अंतराच्या दुपटीपर्यंतची सरासरी घेते, तिने ७० मिळतो. दोन्ही तड्याच्या ४० पेक्षा बरेच वर, आणि तसंच हवं, कारण बोथट खाच तड्यापेक्षा जास्त सोसते.

थेट यूटीएस वापरला असता तर? लाइन मेथडने ४३, आणि पॉइंट मेथडने ३७. म्हणजे १ मिमी त्रिज्येची गोलसर खाच धारदार तड्याहून कमजोर! हे उत्तर हास्यास्पद आहे. त्रिज्या क्रिटिकल डिस्टन्सपेक्षा लहान पडली की पॉइंट मेथड असा खड्डा दाखवते. रिपोर्टमध्ये खाचेचा ‘के’ तड्याच्या ‘के’पेक्षा कमी दिसला, तर पुढे वाचायच्या आधी कोणती ताकद वापरली आहे ते बघा.

खाचेची त्रिज्या निम्मी केली तर लोड किती घटेल?

वरच्याच मटेरियलमध्ये ४ मिमी खोल खाच घ्या. त्रिज्या १ मिमी असताना पट ५, अर्धा मिमी असताना ६.६६. फक्त टोकावरच्या स्ट्रेसकडे पाहणारा सांगेल की लोड २५ टक्के घटेल. पॉइंट मेथडने काढलं तर तुटण्याच्या क्षणीचा दूरवरचा स्ट्रेस ४५९ वरून ३८१ मेगापास्कलवर येतो, म्हणजे घट १७ टक्के. टूलची कड झिजून खाचेचा आकार बदलला आणि लॉट अडकला, तर निर्णय घेताना हा फरक कामाला येतो.

ही रीत कुठे फसते?

सगळ्यात आधी तिथे, जिथे भाग खाचेपासून तुटतच नाही, तर खाचेखाली उरलेलं सगळं जाडपण यील्ड होऊन ओढला जातो. वरचंच उदाहरण घ्या. १ मिमी त्रिज्येच्या खाचेत तुटण्याच्या क्षणी टोकावरचा इलॅस्टिक स्ट्रेस सुमारे २३०० येतो. खाच उथळ असून पट तीनच असेल, तर दूरवरचा स्ट्रेस ७६५ मेगापास्कल व्हायला हवा. मटेरियलचा यूटीएस ५७०. म्हणजे खाचेच्या हिशेबाची वेळ यायच्या आत पट्टी ओढली जाईल. इथे खरं उत्तर लिमिट लोडचं, म्हणजे उरलेला सगळा काप यील्ड होतो त्या लोडचं.

माझा आग्रह असा, की लिमिट लोड आधी काढा. दोन ओळींचा हिशेब आहे. त्यानंतर खाचेचा. दोन्हींत जो लोड कमी, तो तुमचा. दोन्ही जवळजवळ असतील तर यील्ड आणि भंग यांची सरमिसळ असते. तड्यांसाठी असा मधला प्रदेश हाताळायला ब्रिटनमध्ये आर-सिक्स आणि बीएस ७९१० या कार्यपद्धतींमध्ये फेल्युअर असेसमेंट डायग्राम वापरतात. एका अक्षावर भंगाकडे किती सरकलो, दुसऱ्यावर कोलमडण्याकडे किती सरकलो, आणि मध्ये एक वक्ररेषा. खाचांसाठीही हाच विचार डोक्यात ठेवलेला बरा.

दुसरी अडचण जाडीची. टफनेसची आकडेवारी बहुतेक वेळा जाड नमुन्याची असते. एएसटीएम ई-३९९ या अमेरिकन चाचणी मानकाप्रमाणे आपल्या उदाहरणात निदान १६ मिमी जाडी लागेल. तुमची पट्टी ४ मिमीची असेल तर तिची टफनेस वेगळी, बहुधा जास्त. हिशेबात त्याच जाडीची टफनेस घाला.

तिसरं, पोकळ्या एकमेकींना मिळून तुटणारं अतिडक्टाइल मटेरियल. ॲनील केलेलं तांबं किंवा सौम्य पोलाद यांत खाचेचा आकार तुटायच्या आधीच इतका बदलतो, की मूळ त्रिज्येला अर्थ उरत नाही.

टेन्साइल आलेख कसा घ्यायचा? आमच्या लॅबचा प्रिंटआउट चालेल का?

प्रिंटआउटवर क्रॉसहेडचं सरकणं छापलेलं असेल तर नाही. त्यात ग्रिपची घसरण आणि मशीनच्या फ्रेमचं ताणणं दोन्ही मिसळलेलं असतं. आयएस १६०८ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी करताना एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच लावून ताण मोजणारं उपकरण) लावा आणि तो कमाल लोड येईपर्यंत काढू नका. बऱ्याच लॅब यील्ड मिळालं की नमुना तुटताना उपकरण खराब होऊ नये म्हणून तो काढून घेतात. त्यांचं बरोबर आहे, पण तुम्हाला हवं असलेलं क्षेत्रफळ नेमकं त्यानंतरच्या भागात असतं. ऑर्डर देतानाच हे लेखी सांगा. एक्स्टेन्सोमीटरची मर्यादा ५ टक्के असेल आणि मटेरियल ६ टक्क्यांपर्यंत एकसारखं ताणलं जात असेल, तर जास्त पल्ल्याचा मागून घ्या.

कमाल लोडनंतरचं क्षेत्रफळ मोजायचं नाही. नेकिंग सुरू झालं की ताण एकाच जागी गोळा होतो आणि स्ट्रेनचा आकडा गेज लेंग्थवर अवलंबून राहतो. ५० मिमीवर एक उत्तर, २५ मिमीवर दुसरं.

मोजणीत थोडी चूक झाली तर फार बिघडत नाही. वर्गमूळ असल्याने क्षेत्रफळात १० टक्के चूक असेल तर ताकदीत ती सुमारे ५ टक्केच उतरते.

ॲन्सिसमध्ये (भागाचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून स्ट्रेस काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाळी बारीक केली की कोपऱ्यावरचा स्ट्रेस वाढतच जातो. कुठे थांबायचं?

कोपऱ्याला त्रिज्या दिली आहे का? दिली नसेल तर थांबायची जागाच नाही. इलॅस्टिक गणितात शून्य त्रिज्येच्या आतल्या कोपऱ्यावर स्ट्रेस अनंत असतो आणि जाळी बारीक करत गेलात की सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे त्या अनंताकडे चालू लागतं. स्क्रीनवरच्या लाल ठिपक्याचा आकडा तेव्हा मटेरियलबद्दल काहीच सांगत नाही, फक्त तुमच्या जाळीबद्दल सांगतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असे आकडे दशांश चिन्हासह छापलेले मी पाहिले आहेत.

ड्रॉइंगवर नसली तरी प्रत्यक्ष भागावर त्रिज्या असतेच. रेडियस गेज लावा, नाहीतर भाग कापून प्रोफाइल प्रोजेक्टरवर पाहा, आणि तीच मॉडेलमध्ये घाला. मग टोकापासून आत जाणाऱ्या रेषेवर स्ट्रेस वाचा. क्रिटिकल डिस्टन्स ०.१२ मिमी असेल तर तेवढ्या अंतरात निदान चार-पाच एलिमेंट हवेत.

एवढी बारीक जाळी परवडत नसेल तर लाझारिन आणि झांबार्डी यांची २००१ ची सरासरी स्ट्रेन एनर्जी डेन्सिटीची पद्धत बघा. तिच्यात टोकाभोवतीच्या छोट्या क्षेत्रातली ऊर्जा मोजून सरासरी काढतात. ऊर्जा नोडच्या (एलिमेंट जुळतात त्या बिंदूंच्या) विस्थापनांवरून थेट मिळते, म्हणून जाडसर जाळीतही उत्तर बऱ्यापैकी स्थिर राहतं. आपल्या उदाहरणात त्या क्षेत्राची त्रिज्या प्लेन स्ट्रेनमध्ये (जाड भागात) सुमारे ०.०९५ मिमी आणि प्लेन स्ट्रेसमध्ये (पातळ पट्टीत) ०.१२ मिमी येते. खाचेवर ओढीबरोबर कात्रीसारखा भारही येत असेल तर मी हीच पद्धत आधी घेईन, कारण ऊर्जा मोजताना दिशेची काळजी करावी लागत नाही.

न्यूबरचा नियम पुरेसा नाही का? तो तर पुस्तकातच आहे.

न्यूबर यांचा १९६१ चा नियम खाचेच्या टोकावरचा खरा स्ट्रेस आणि खरा स्ट्रेन सांगतो: दोघांच्या पटींचा गुणाकार म्हणजे इलॅस्टिक पटीचा वर्ग. मोल्स्की आणि ग्लिंका यांची ऊर्जेवरची पद्धतही हेच काम करते आणि सहसा थोडा कमी स्ट्रेन दाखवते. दोन्ही उपयोगी, विशेषतः लो-सायकल फटिगमध्ये (मोठा भार थोड्याच वेळा पुन्हापुन्हा येऊन तुटण्यात). पण त्या टोकावर काय चाललंय एवढंच सांगतात. तुटेल का, हे सांगायला वेगळा निकष लागतोच.

चार्पीची किंमत दिली तर तुटण्याचा लोड सांगता येईल?

नाही. चार्पीचा नमुना १० बाय १० बाय ५५ मिमी, खाच २ मिमी खोल, ४५ अंशांची, टोकाची त्रिज्या ०.२५ मिमी. हातोडा तो तोडताना किती ज्यूल खर्च झाले, एवढंच कळतं. त्यात तडा सुरू व्हायची ऊर्जा, पुढे जायची ऊर्जा आणि वाकण्यातली ऊर्जा सगळी एकत्र असते. दोन लॉटची तुलना करायला किंवा पोलाद कुठल्या तापमानाला ठिसूळ होतं हे शोधायला ही चाचणी उत्तम आहे. एसजी आयर्न (डक्टाइल ओतीव लोखंड) ओतणाऱ्या फाउंड्रीत ती म्हणूनच रोज लागते. चार्पीवरून टफनेसचा अंदाज देणारी समीकरणं आहेत, पण ती ठरावीक पोलादांपुरती आणि ठरावीक तापमानांपुरती. ॲल्युमिनियमला ती लावू नका.

प्लॅस्टिकच्या भागांचं काय?

शाम्पूच्या पुडीच्या कडेला छोटीशी खाच दिलेली असते. तिथून पुडी सहज फाटते, आणि खाच नसेल तर दातांनीही ऐकत नाही. हाच परिणाम तुमच्या क्लिपच्या आतल्या कोपऱ्यात नको असताना होतो.

ॲक्रिलिक खोलीच्या तापमानालाही थोडं वाकून वागतं. म्हणून गोमेझ आणि एलिसेस यांनी खाचांवरच्या प्रयोगांसाठी ते उणे ६० अंश सेल्सियसला थंड केलं, म्हणजे आलेख जवळपास सरळ मिळतो आणि निकष स्वच्छपणे तपासता येतो. खोलीच्या तापमानाला पॉइंट मेथड वापरायची तर ताकद यूटीएसच्या सुमारे दुप्पट धरावी लागते. हा आकडा वेगवेगळ्या त्रिज्यांच्या खाचा तोडून काढतात.

नायलॉनमध्ये आधी विचारा, डेटाशीटवरचे आकडे कोरड्या नमुन्याचे आहेत की ओलावा मुरलेल्या. मोल्डमधून नुकताच निघालेला नायलॉनचा भाग कडक आणि खाचेला हळवा असतो; हवेतलं पाणी प्यायला की मऊ आणि चिवट होतो. कोकणातल्या पावसाळ्यात आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तोच भाग वेगळा वागेल. काचतंतू मिसळले असतील तर तंतूंची दिशाही बघावी लागते, आणि गेटपासून कोपऱ्यापर्यंत ती बदलत जाते. मोल्डिंगवाल्यांचा जुना ठोकताळा, आतल्या कोपऱ्याची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या निदान निम्मी, हा कुठल्याही हिशेबाआधी पाळावा.

काँक्रीट आणि रबर?

काँक्रीटसाठी हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांचं १९७६ चं काल्पनिक तड्याचं मॉडेल: तडा उघडत जातो तशी त्यातून जाणारी ओढ कमी होत जाते. इथे आकाराचा परिणाम मोठा आहे. प्रयोगशाळेतल्या छोट्या बीमचा आकडा धरणाच्या भिंतीला लावता येत नाही. रबरासाठी फाटण्याच्या ऊर्जेची रीत वापरतात, १९५३ मध्ये रिव्हलिन आणि थॉमस यांनी मांडलेली. इक्विव्हॅलंट मटेरियलची कल्पना इथे आणू नये.

जे-इंटिग्रल, गर्सन वगैरे खरंच केव्हा लागतात?

राइस यांचा १९६८ चा जे-इंटिग्रल (तडा पुढे ढकलणाऱ्या ऊर्जेचं माप) तड्याभोवती मोठं यील्डिंग असताना उपयोगी. एएसटीएम ई-१८२० प्रमाणे त्याची किंमत मोजता येते, आणि वरच्या हिशेबात घालायची टफनेसही डक्टाइल धातूसाठी बहुतेकदा तिथूनच येते. पण तोही मुळात तड्यासाठीच आहे. बोथट खाचेभोवती जे काढता येतो, मात्र त्याची तड्याच्या जेशी सरळ तुलना चालत नाही.

गर्सन यांचं १९७७ चं पोकळ्यांचं मॉडेल, पुढे टव्हरगार्ड आणि नीडलमन यांनी सुधारलेलं, पोकळ्या जन्मण्यापासून एकत्र होण्यापर्यंत सगळं सांगतं. किंमत म्हणजे बरेचसे स्थिरांक, आणि ते काढायला वेगवेगळ्या त्रिज्यांच्या खाचांचे गोल नमुने ओढून प्रत्येकाचा आलेख मॉडेलशी जुळवायचा. प्रेशर व्हेसल, पाइपलाइन, क्रॅशमध्ये दबणारे भाग यांना तो खर्च शोभतो. ब्रॅकेटला नाही. जाळीचा आकारही त्यात स्थिरांकच असतो. एका जाळीवर जुळवलेले आकडे दुसऱ्या जाळीवर वापरले की उत्तर बदलतं, आणि हे न सांगता आकडे एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात उचलले जातात.

थंडीत क्लीव्हेजने (स्फटिकांच्या पातळ्यांवरून ठिसूळपणे) तुटणाऱ्या पोलादाला यांतलं काहीच पुरत नाही. तिथे सगळ्यात कमजोर दुवा कुठे पडला यावर सगळं असतं, आणि एकाच लॉटचे नमुनेही खूप वेगवेगळ्या लोडवर तुटतात. त्यासाठी बेरेमिन गटाची १९८३ ची वायबुल (संख्याशास्त्रीय) पद्धत आहे. उत्तर लोडचं नव्हे, शक्यतेचं मिळतं.

सगळ्यात कमी चाचण्यांत काम भागवायचं तर काय मागवू?

तीन टेन्साइल नमुने, कमाल लोडपर्यंत एक्स्टेन्सोमीटर लावून. तुमच्याच जाडीची टफनेस. आणि तुमच्या भागातल्या त्रिज्येएवढीच खाच असलेल्या तीन पट्ट्या, कारण हिशेब बरोबर आहे की नाही हे शेवटी त्याच सांगतात. पैशांची ओढाताण असेल तर टफनेसच्या चाचणीऐवजी दोन अगदी वेगळ्या त्रिज्यांच्या पट्ट्या तोडा. दोन्हींचे तुटण्याच्या क्षणीचे, टोकापासूनच्या अंतरानुसार स्ट्रेस आलेख एकाच कागदावर काढले की ते जिथे छेदतात तिथून पॉइंट मेथडचं अंतर आणि ताकद दोन्ही मिळतात, टफनेस न मोजता. त्रिज्यांत निदान पाच-दहापट अंतर ठेवा, नाहीतर दोन रेषा जवळजवळ समांतर जातात आणि छेदबिंदू कुठेही सरकतो.

हे सगळं फटिगला चालेल?

पॉइंट आणि लाइन मेथड चालतात, पण फटिग लिमिट आणि थ्रेशोल्डचे (ज्याखाली तडा वाढत नाही तो ‘के’) आकडे घालून. आलेखाखालची ऊर्जा घेऊन काढलेली काल्पनिक ताकद चालत नाही, ती एकाच वेळी वाढत जाणाऱ्या लोडसाठी आहे. १९५४ मध्ये हवेत फुटलेल्या कॉमेट विमानांचं उदाहरण खाचेच्या चर्चेत नेहमी येतं. ते तडे केबिनमधला दाब पुन्हापुन्हा चढल्या-उतरल्याने वाढलेले होते, म्हणून ती केस फटिगची. तुमचा भाग दिवसातून हजार वेळा भार घेत असेल तर इथले आकडे फक्त शेवटच्या ओढीसाठी वापरा.